होणे, जन्मणे

चोपड्याच्या कॉलेजात मी बाटल्या पुसतो.
फॉर्मॅलिनमधला सरडा, तापीतलं कासव,
दोन डोक्यांचं वासरू.
एकोणीस वर्षं त्यांची धूळ माझ्याकडे.

बोरसे सरांनी फळ्यावर लिहिलं : फायलोजेनी.
खाली मराठी लिहिताना खडू थबकला.
मग लिहिलं : जातिवृत्त.
मागच्या बाकावर कुणीतरी खोकलं.
खोकला नव्हता तो.
आमच्याकडे पहिली दोन अक्षरं ऐकली
की माणूस खुर्ची जराशी मागे घेतो.

सर म्हणाले, घाबरू नका.
माती ग्रीक आहे, मडकं एका जर्मनाने घडवलं,
दीडशे वर्षं होऊन गेली.
फायलॉन म्हणजे टोळी, जमात. पुढचा तुकडा म्हणजे उगम.
कोण कुणापासून फुटलं त्याची हकिगत.
‘जमात म्हणजे आमच्यासारखी?’
जुबेदा रुबाब तडवीने विचारलं.
सरांनी डस्टर उचललं, पुन्हा ठेवलं.

तिच्या पिशवीत तेव्हा वंशावळ होती, स्टॅम्पपेपरवर :
बाप, आजा, पणजा, आणि पुढे नुसती रेघ.
धुळ्याची समिती पन्नास सालाआधीचा दाखला मागते.
आजा शाळेत गेलाच नाही.
पणजा कागदावर एकदाच आला,
जंगलखात्याच्या दंडाच्या पावतीवर,
तोही चुकलेल्या नावाने.

सर म्हणाले, माशापासून बेडकापर्यंत येताना
मधले कितीतरी दाखले गहाळ आहेत.
म्हणून बेडूक काय बोगस ठरतो?
वर्ग हसला.
ती हसली नाही. वहीत उतरवून घेतलं.

मला तो शब्द सोडेना.
मधल्या सुट्टीत मराठीच्या देवरे मॅडमना गाठलं.
त्या म्हणाल्या, जाति म्हणजे मात्रांचं वृत्तसुद्धा असतं,
आणि वृत्त म्हणजे बातमी, वाटोळं, वागणूक, काय हवं ते घ्या.
मग चहा निवत ठेवून म्हणाल्या,
त्या ग्रीक शब्दातलं ‘जेनी’ आणि आपलं ‘जन्म’ चुलत भावंडं.
आणि फायलॉनचं मूळ ‘भू’शी जाऊन भिडतं,
जो झिजत झिजत आपल्या तोंडी ‘होणे’ झाला.

सायकलवर मी तो उलगडत आलो.
होणे आणि जन्मणे. एवढंच.
यात जात कुठल्या फाट्याला चढली
ते मॅडमनाही सांगता आलं नव्हतं.
माझी आई म्हणायची,
‘तू व्हयना तव्हय तापीले पूर व्हता.’
तिला ग्रीक कुठून येणार.
रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळी,
टिश्यूची रोपं, एका उंचीची, एका दिवसाची.
त्यांचा आजा म्हणजे तीच, पणजा म्हणजे तीच.
त्यांना कुणी काही विचारत नाही.

सोमवारी जुबेदाने रानकेळ आणलं,
वैजापूरच्या वरच्या कड्यावरचं.
मी स्काल्पेलने चिरलं. गर नावापुरता,
आत काळ्या टणक बिया ठासून,
हरभऱ्याहून मोठ्या.
सर म्हणाले, बागेतल्या केळीची ही चुलत शाखा.
ती म्हणाली, पण हिला कुणी लावलेलं नाही.

दोन बिया मी बाटलीत ठेवल्या.
चिठ्ठीवर ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली.
खाली छापील रकाना : जाती.
तिथे सर लॅटिन नाव लिहितात. सर रजेवर होते.
तीन बिया तिने परत मागून घेतल्या.
काय करशील, म्हटलं.
‘समितीच्या टेबलावर ठेवीन.’

धुळ्याहून अजून पत्र नाही.
एक बी मी कुणाला न विचारता
ओल्या कापसावर, काचेच्या तबकडीत ठेवली.
फुटलेली नाही.
फुगलीय, असं मला वाटतं.